गयाबाईंचे पंधरा दिवस

आमच्या मंडळाला नाव फार उशिरा मिळालं. त्याआधी कित्येक वर्षं हॉस्पिटलातले लोक आम्हाला नुसतं 'मरहटी बायां' म्हणत. परभणीकडचा, नांदेडकडचा एखादा पेशंट आला आणि त्याचं बोलणं कुणाला कळेना झालं, की वॉर्डातली आया व्हरांड्यात येऊन हाक मारायची, "अजी, मरहटी बायां में से कोई है क्या? जल्दी आव!" मग आमच्यातलं कुणीतरी उठायचं, पदर सारखा करायचं आणि तिच्यामागे जायचं. काम म्हणाल तर एवढंच. मंडळातल्या नव्या मुली आता मला म्हणतात, मावशी, आपला इतिहास लिहून द्या, आम्ही ग्रुपवर टाकतो. या मुली मराठी बोलतात छान, पण वाचताना अडखळतात. एखादीनं मोठ्यानं वाचून दाखवलं तरच हे बाकीच्यांपर्यंत पोचेल. त्यांना स्थापना कधी झाली, पहिल्या अध्यक्ष कोण, हे हवं आहे. ते कार्यालयातल्या फायलीत सापडेल. मला जे सांगायचंय ते फायलीत नाही, आणि ते माहीत असलेलं माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. त्यासाठी आमच्या घरापासून सुरुवात करायला हवी.

आम्ही काचीगुड्याला स्टेशनामागच्या गल्लीत माडीवरच्या दोन खोल्यांत राहत होतो. मूळचे आम्ही बसमतकडचे शेतकरी. शेत चुलत्यांकडे राहिलं आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी धरून इथे आले ते इथलेच झाले. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, तो लांब भिलाईला नोकरीला होता आणि तिथेच त्याचा संसार होता. आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. ती जाण्यापूर्वी घर आवाजांनी भरलेलं असायचं, असं मला वाटायचं. ती गेल्यावर कळलं की ते सगळे आवाज बाहेरचेच होते. गाडीचे डबे जोडताना होणारा धडाका, इंजिनाची लांबलेली शिट्टी, खाली घरमालकीण कमलम्मांच्या अंगणात रगड्यात पीठ वाटल्याची घरघर, गल्लीतून जाणारा भाजीवाला. हे सगळं तसंच चालू होतं. फक्त आतून त्याला उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मला खिचडी आणि पिठलं एवढंच येत होतं, म्हणून आम्ही खिचडी आणि पिठलं खात होतो. अण्णा ताटाकडे बघत जेवायचे, मी भिंतीकडे बघत. "वाढू का?" "नको." एवढं बोलणं झालं की तो दिवस बोलण्याच्या दृष्टीनं संपला.

कॉलेज मी सोडलं असं म्हणता येणार नाही. एक दिवस गेले नाही, दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि मग जायचं राहूनच गेलं. अण्णांना ते कळलं की नाही, कळूनही ते बोलले नाहीत, हे मला आजही ठाऊक नाही. दुपारी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायची. कमलम्मा अंगणातून मान वर करून विचारायच्या, "तिन्नावा अम्मा?" जेवलीस का, असं. मी "हां अम्मा" म्हणायची, मग जेवलेली असो वा नसो. घरात मराठी, अंगणात तेलुगू, गल्लीत हैदराबादी उर्दू आणि पुस्तकातून इंग्रजी, अशा चार भाषा मला येत होत्या, आणि चारींपैकी एकीतही सलग चार वाक्यं बोलायला माणूस नव्हतं.

असं सहा-सात महिने चाललं असेल. एका दुपारी तारामावशी जिना चढून आली. ती पलीकडच्या गल्लीत राहायची, टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. दरवर्षी उन्हाळ्यात ती आणि आई मिळून बेगम बाजारात मिरच्या आणायला जायच्या, आणि परत येताना दोघी शिंकत शिंकत हसायच्या. नांदेडकडच्या बौद्ध घरातली पहिली शिकलेली मुलगी. नवरा लवकर वारला, मूल नव्हतं. तिचा आवाज असा होता की ती हळू बोलली तरी समोरचा सरळ बसायचा. तिनं माझ्याकडे पाहिलं, मोरीतल्या भांड्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "कुमुद, तुला तेलुगू चांगलं येतं ना?"

"येतं."

"मग चप्पल घाल. मला येतं ते कामापुरतं, आणि गोदाकाकूंना तर अजिबात येत नाही. हॉस्पिटलात आपल्याकडच्या एका बाईला काय होतंय तेच डॉक्टरांना कळेना झालंय."

काचीगुड्याहून अफझलगंजच्या अंगाला चालत गेलं की वाटेत एका धर्मादाय ट्रस्टचं लहानसं हॉस्पिटल होतं. आता ते नाही, त्या जागी दुकानांची इमारत आहे. मराठवाड्याकडून गाड्या काचीगुड्याला यायच्या, आणि त्या गाड्यांतून आजारी माणसं उतरायची. कुणीतरी कुणाला सांगितलेलं असायचं, हैदराबादेत चांगला इलाज होतो. ती यायची आणि इथे मुकी व्हायची. तारामावशीनं असाच एक म्हातारा हॉस्पिटलच्या दारात पाहिला होता. हातात चिठ्ठी घेऊन तो तीन दिवस तिथे बसला होता. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं, मागच्या इमारतीत जा. तो मागच्या इमारतीपासून चाळीस पावलांवर होता. त्या दिवशी तिनं त्याला नेऊन पोचवलं, आणि पुढच्या रविवारी ती आपण होऊन परत गेली. आमचा सगळा इतिहास तो एवढाच. वर्षभरानं तिला गोदाकाकू येऊन मिळाल्या. त्यांच्या घरचा बेगम बाजारात किराण्याचा मोठा व्यापार, मुलं कर्ती झालेली, दुपार मोकळी. त्या रोज पितळी डब्यातून तांदळाची पेज आणायच्या.

गोदाकाकूंबद्दल एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर इतिहास खोटा होईल. त्या सुरुवातीला पाण्याची स्वतःची बाटली घरून आणायच्या. ती का आणतात हे तारामावशीला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे काकूंना. पण दोघींनी त्याचा शब्द काढला नाही. पेज दोघी मिळून वाटायच्या. मग एका एप्रिलात काकूंना उन्हानं व्हरांड्यातच भोवळ आली. तारामावशीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपली बाटली त्यांच्या तोंडाला लावली. काकू प्याल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाटली आणणं बंद केलं. त्याबद्दलही दोघी कधी काही बोलल्या नाहीत. हे मी पाहिलं तेव्हा मला तिथे जाऊन दोन महिने झाले होते, आणि त्या दोघी अशा न बोलता जवळ आल्याचा मला हेवा वाटला होता.

मी रोज जाऊ लागले. डॉक्टर काय म्हणतात ते पेशंटला मराठीत सांगायचं, पेशंट काय म्हणतो ते डॉक्टरांना. माणसं माझ्याशी बोलायची, पण ते बोलणं माझ्याशी नसायचं. माझ्यातून पलीकडे जायचं. घरी परत येताना घसा दुखायचा, आणि तरीही मी दिवसभरात स्वतःचं म्हणून काही बोललेली नसायची.

गयाबाई आल्या त्या त्यांच्या दिराबरोबर. पूर्णेच्या पुढे कुठल्याशा लहान स्टेशनाजवळचं त्यांचं गाव. दीर माधवराव शाळेत शिपाई होते. त्यांनी वहिनीला दाखल केलं आणि रजा संपली म्हणून दोन दिवसांत ते परत गेले. गयाबाई पंचेचाळीशीच्या असतील. विधवा. एकुलती एक लेक सखू, तिचं पहिलं बाळंतपण दोन-अडीच महिन्यांवर आलेलं, आणि ती नुकतीच माहेरी येऊन राहिलेली. पोटात दुखतं म्हणून बाई इथे आल्या होत्या, पण सगळा जीव तिकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगं माय, तुला कुणी जेवू घालतंय का न्हाई? अशी काय दिसायलीस सुकल्या भेंडीवानी?"

मला हसू आलं. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा, आणि हसताना माझ्याच आवाजाची मला भीती वाटली.

तपासण्या झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरम्मा राऊंडला आल्या. वयस्कर, साध्या, हातात घड्याळाशिवाय काही न घालणाऱ्या. त्या दिवशी तारामावशीची टेलिफोन ऑफिसात ड्यूटी होती, काकू पेज वाटत होत्या. खाटेपाशी मी एकटीच होते. डॉक्टरम्मा अर्धं तेलुगूत, अर्धं इंग्रजीत सांगू लागल्या. गाठ फार पसरली आहे. कापून उपयोग नाही. दोन महिने, फार तर. दुखणं कमी करायला औषध देऊ. अजून बसून प्रवास करता येतोय तोवर घरच्या कुणाला बोलावून घ्या, तिला घरी जाऊ दे. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "चेप्पम्मा." सांग तिला.

गयाबाई माझ्याकडे बघत होत्या. "काय म्हणली डाक्टरीन? बोल की."

मी म्हणाले, "पोटात सूज आहे म्हणतात. औषधानं उतरली की ऑपरेशन करू. थोडे दिवस राहावं लागेल."

"बस, इतकंच?"

"इतकंच."

गयाबाईंनी मान डोलावली. डॉक्टरम्मांना वाटलं असणार, एवढं मोठं सांगणं या बाईनं किती शांतपणे ऐकलं. त्यांनी गयाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाल्या, फार धीराची बाई आहे. "आता काय म्हणली?" गयाबाईंनी विचारलं.

"तुम्ही धीराच्या आहात म्हणतात."

"ते हाये की मी," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी जे झालं ते भीतीनं झालं. घशाशी आलेले शब्द बाहेर पडेनात आणि त्यांच्या जागी दुसरेच पडले. त्याबद्दल मी स्वतःला कधीतरी माफ केलं आहे. पण दुसऱ्या दिवशी मी घाबरलेली नव्हते. दुसऱ्या दिवशी मी सांगू शकले असते. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं की त्या जाणार होत्या.

त्या दिवसांत गयाबाईंनी मला स्वयंपाक शिकवला. खाटेवर पडल्या पडल्या, नुसत्या तोंडानं. येसर, म्हणजे आमटीत घालायचं भाजलेलं पीठ, कसं करायचं, त्यात गहू किती, हरभऱ्याची डाळ किती, धने कुठवर भाजायचे. "वास यायलाय म्हनून उतरवू नको, वास आला की अजून थोडं थांब." मी घरी जाऊन करायची आणि दुसऱ्या दिवशी वाटीत घेऊन जायची. त्या बोट बुडवून चाखायच्या. "घाई केलीस." दुसऱ्या दिवशी परत. मग अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून. त्यांना स्वतःला दोन घासांपुढे जात नव्हतं, पण चाखायचा उत्साह असा की शेजारच्या खाटांवरच्या तेलुगू बायाही वाटीत डोकावायच्या आणि त्यांची गोंगुरा, म्हणजे अंबाडीच, कशी करतात ते हातवारे करून सांगायच्या. मी दोन्हीकडचं भाषांतर करायची आणि मधे माझंही काहीतरी बोलायची. त्या वॉर्डात मी स्वतःचं बोलू लागले होते.

एका संध्याकाळी येसराची आमटी नीट जमली. अण्णांनी पहिला घास घेतला आणि थांबले. "हे कुणी शिकवलं?"

"हॉस्पिटलात एक बाई आहेत."

"आमची आई करायची असं," अण्णा म्हणाले. "चुलीच्या मागच्या फळीवर येसराचं मडकं असायचं. आम्ही भावंडं नुसतं येसर चोरून खायचो. ठसका लागला की सापडायचो." मग त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मी त्या रात्री ताट घासताना गुणगुणत होते.

माझ्या हातून दुसरी गोष्ट घडली ती याच दिवसांत. गयाबाई म्हणाल्या, सखूला पत्र लिही. त्या सांगत गेल्या, मी पोस्टकार्डावर लिहीत गेले. मी बरी हाये. सूज उतरायलीय. ऑपरेशन झालं की येते. बाळंतपणाच्या आत येते. माधवभावजींना म्हणावं, रजा काढून यायची गरज न्हाई. हे मी माझ्या हातानं, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं, पत्ता घातला, आणि परत येताना पेटीत टाकलं. पेटीत टाकताना हात थांबला होता. थांबला होता आणि मग त्यानं टाकलं.

डॉक्टरम्मांनी सांगितल्यापासून पंधराव्या दिवशी सकाळी तारामावशी माझ्याबरोबर वॉर्डात होती. गयाबाईंचं अंग आता फिकट पिवळं पडलं होतं, उठून बसताना आधार लागत होता. त्यांनी तारामावशीला विचारलं, "बाई, सूज काही उतरंना. आपरेशनचा दिवस कव्हा धरायलेत?"

तारामावशी डॉक्टरम्मांच्या खोलीत गेली, पाच मिनिटांनी बाहेर आली, आणि मला खुणेनं जिन्याखाली बोलावलं.

"तू काय सांगितलंस तिला?"

मी खरं सांगितलं. पत्राचंही सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"मला वाटलं, त्यांना धक्का बसेल," मी म्हणाले.

"कुमुद, माझ्याशी तरी खोटं बोलू नको."

मग मी म्हणाले, "त्या गेल्या असत्या."

तारामावशी भिंतीपासून सरळ झाली. "आपण तिथं कोण असतो, सांग बरं? तिचे कान असतो आणि तिची जीभ. तेवढंच. तिनं भरवशानं तिचे कान तुझ्याकडे दिले होते." मग म्हणाली, "जा. तूच सांग. मी बाजूला उभी राहते, पण मी सांगणार नाही."

मी सांगितलं. खाटेच्या कडेला बसून, त्यांच्या हाताकडे बघत, डॉक्टरम्मा जे जे बोलल्या होत्या ते सगळं. दोन महिन्यांचं, बसून प्रवास करता येण्याचं, धीराची बाई म्हणाल्याचं. गयाबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "हे कव्हा म्हणली ती?"

"पंधरा दिवस झाले."

त्यांनी बोटांवर मोजलं. मी त्या बोटांकडे बघत होते. ती एकेका पेरावर थांबत होती. मग त्या तारामावशीकडे वळल्या. "बाई, मला गाडीत बसवून द्या. जमंल तसं." त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रागानं तोंड फिरवलं असंही नाही. मी जिथे होते तिथे जणू कुणी नव्हतं.

संध्याकाळी अण्णा ड्यूटीवरून आले, चहा झाला, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. कारण उद्याच्या गाडीत आजारी बाईला आडवं झोपवायची सोय करणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं. अण्णा कपबशी हातात धरून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या आईला मी सांगितलं नव्हतं."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत.

"डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तीन महिने आधी. तिनं मला विचारलं. दोनदा विचारलं. मी म्हणालो, उन्हाळा सरला की बरी होशील. तुलाही तेच सांगितलं." त्यांनी कप खाली ठेवला. "ती गेली त्या दिवशी तू परीक्षेला गेली होतीस. मी थांबवलं असतं तर तू थांबली असतीस."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला हे कळलं असतं तर मी अण्णांशी जन्मात बोलले नसते. पण त्या संध्याकाळी मला बोलायला तोंड नव्हतं. आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो, एकाच गुन्ह्याचे दोन आरोपी असल्यासारखे, आणि तरीही जवळ नव्हतो. मग अण्णांनी परत चपला घातल्या आणि ते स्टेशनावर गेले. आल्यावर म्हणाले, "सकाळच्या पॅसेंजरला खालचा बाक मिळेल. मी रजा टाकलीय. आपण दोघं जाऊ."

गाडीत गयाबाई अण्णांशी बोलत होत्या. बसमतचं बोलणं निघालं, कुठल्या तरी बाजाराचं, कुठल्या तरी नात्यातल्या माणसाचं. अण्णा एवढं बोलू शकतात हे मी त्या डब्यात पाहिलं. पाणी हवं झालं की त्या म्हणायच्या, "भाऊ, पाणी द्या." तांब्या माझ्याकडे होता. मी तो अण्णांकडे द्यायची, अण्णा त्यांना. खिडकीतून काळी जमीन मागे जात होती आणि मी तिच्याकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघता येत नव्हतं.

स्टेशनापासून गावापर्यंत बैलगाडी. पंधरा दिवसांपूर्वी गयाबाई याच गाडीत बसून गेल्या असत्या, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत. आता त्यांना कडब्यावर आडवं केलं होतं आणि प्रत्येक गचक्याला त्या ओठ दाबून धरत होत्या. माझी मांडी त्यांच्या डोक्याखाली होती. दुसरी कुणाची नव्हती म्हणून. त्यांनी डोकं काढून घेतलं नाही. माझ्यापुरतं मला त्यांच्याकडून तेवढंच मिळालं.

दारात सखू उभी होती. माझ्याच वयाची, किंवा वर्षभरानं लहान. आठवा महिना, पाय सुजलेले. आईला बघून तिनं तोंडावर पदर दाबला. पत्र तिला चार दिवसांपूर्वीच मिळालं होतं, ते कोनाड्यात जपून ठेवलेलं दिसलं. तिनं आईला आत घेतलं, आम्हाला भाकरी आणि दूध दिलं, आणि अण्णांच्या पाया पडायला वाकू लागली, तेव्हा अण्णा घाईनं मागे सरले. "तुमच्यामुळं आई दिसली," ती म्हणाली. गयाबाई आत खाटेवर होत्या. ऐकू जात होतं. त्यांनी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गाडीवानाला बोलवायला गेले आणि सखू मला पोचवायला वेशीपर्यंत आली. म्हणाली, "ताई, तुमचे उपकार मी कसे फेडू?"

मी गप्प राहू शकले असते. गयाबाई बोलल्या नव्हत्या, बोलणारही नव्हत्या. पण ते आणखी एक पत्र झालं असतं. मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं.

"पंधरा दिवस?" ती म्हणाली.

"पंधरा."

तिचे डोळे भरले नाहीत. तिनं एक हात कमरेवर ठेवला, जड अंगानं वळली, आणि वळता वळता म्हणाली, "आता जावा तुम्ही. आई एकली हाये." ती हळूहळू परत जात होती आणि मी गाडी येईपर्यंत तिची पाठ बघत उभी राहिले.

तारामावशीनं मला मंडळातून काढलं नाही. मला ते सोपं गेलं असतं. तिनं मला वॉर्डात जायला मनाई केली आणि व्हरांड्यात टेबलाशी बसवलं. फॉर्म भरायचे, चिठ्ठ्या वाचायच्या, कोणती खोली कुठे ते दाखवायचं. घरी अण्णा आणि मी आता थोडं बोलत होतो, पण आईबद्दल नाही. मी येसर करायचं सोडलं. अण्णांनीही मागितलं नाही.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी माधवराव समोर उभे राहिले, बायकोला घेऊन. मी उठले. त्यांनीच सांगितलं. गयाबाई आम्ही पोचवल्यावर अकरा दिवस होत्या. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी सखूला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी मनात हिशेब केला. डॉक्टरम्मांनी सांगितल्यापासून सव्वीस दिवस. त्यांतले पंधरा मी ठेवून घेतले होते.

माधवरावांच्या बायकोच्या गळ्यात गाठ होती. तारामावशी त्यांना आत न्यायला पुढे आली, तेव्हा ते अवघडून म्हणाले, "बाई, राग मानू नका. सखूनं बजावून सांगितलंय. म्हणली, त्या काचीगुड्याच्या पोरीलाच धरा. ती एकदा खोटं बोललीय, आता बोलायची न्हाई."

तारामावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावरचे फॉर्म स्वतःकडे ओढून घेतले.

आज मंडळात सव्वीस जणी आहेत, आणि नव्या मुलीला मी पहिल्या दिवशी काय शिकवते असं कुणी विचारलं तर मी काहीच शिकवत नाही. तिला नुसतं माझ्यासोबत उभं करते. त्या दिवशी मी तशी माधवराव आणि त्यांच्या बायकोसोबत उभी राहिले. डॉक्टरम्मांनी गळा तपासला, दोन दिवसांनी कागद आले. गाठ चांगली नव्हती. काय करता येईल आणि काय येणार नाही, ते त्या सावकाश सांगत गेल्या. मी एकेक वाक्य ऐकलं आणि एकेक वाक्य मराठीत ठेवलं, कमी नाही, जास्त नाही. त्या बाईनं पदर तोंडात कोंबला. माधवराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. तिथून निघून जावं असं फार वाटलं, पण मी हलले नाही. बऱ्याच वेळानं माधवरावांनी मान वळवली.

"परत एकदा सांगता का?" ते म्हणाले.

मी परत एकदा सांगितलं.